एका फाइलवर दोघांचे हात: नेटवर्क फाइल सिस्टिममधली 'कुलपं' बदलली की ती तपासतात कशी?

चाळीसगावहून धुळ्याला जाणारा रेल्वेमार्ग एकेरी आहे. एकच रूळ, त्यामुळे दोन स्टेशनांच्या मधल्या पट्ट्यात एका वेळी एकच गाडी. समोरून दुसरी येणार नाही, याची खात्री ड्रायव्हरला कुणीतरी द्यावी लागते. देशातल्या कितीतरी एकेरी मार्गांवर अनेक दशकं ही खात्री धातूच्या एका गोळ्याने दिली. स्टेशन मास्तर 'नील्स बॉल टोकन' नावाच्या यंत्रातून गोळा काढायचे, तो कडी लावलेल्या पिशवीत घालून ड्रायव्हरच्या हाती द्यायचे. ज्याच्याकडे गोळा, त्याची गाडी पुढे. दोन्ही स्टेशनांची यंत्रं तारेने जोडलेली असायची आणि एक गोळा बाहेर असताना दुसरा निघतच नसे.

संगणकाच्या आत हीच पद्धत चालते. तिथे गाड्यांऐवजी प्रोग्रॅम असतात आणि रुळाऐवजी मेमरीतली एखादी नोंद. ती नोंद एका वेळी एकानेच बदलावी म्हणून तिला 'लॉक' लावतात. डच संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी १९६०च्या दशकात या कामासाठी जे साधन सुचवलं, त्याचं नाव सेमाफोर. हा शब्द रेल्वेच्या हात दाखवणाऱ्या सिग्नलचाच आहे.

प्रश्न येतो तो ही लॉक बदलायची वेळ आल्यावर. सिस्टिम जोरात चालावी म्हणून एका मोठ्या कुलपाच्या जागी दहा लहान कुलपं लावली, तर सगळं ठीक चाललंय हे ठरवायचं कसं? 'चालवून बघितलं, चाललं' एवढं इथे पुरत नाही. आणि फाइल नेटवर्कवर असेल, तर आणखीनच पुरत नाही.

एनएफएस म्हणजे काय?

कॉलेजच्या लॅबमध्ये कोणत्याही मशीनवर लॉगिन केलं तरी आपल्याच फाइल समोर येतात, असा अनुभव अनेकांना असेल. फाइल त्या मशीनवर नसतात. त्या दुसऱ्या खोलीतल्या सर्व्हरवर असतात आणि नेटवर्कवरून अशा दाखवल्या जातात, की वापरणाऱ्याला त्या आपल्याच डिस्कवर आहेत असं वाटावं. या व्यवस्थेला नेटवर्क फाइल सिस्टिम म्हणतात. युनिक्स आणि लिनक्सच्या जगात तिचं सगळ्यात रुळलेलं रूप म्हणजे एनएफएस.

एनएफएस बनवली सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकी कंपनीने, १९८४च्या सुमारास. (सनच्या संस्थापकांपैकी एक आणि तिचे पहिले प्रमुख विनोद खोसला यांचा जन्म पुण्याचा.) तिची दुसरी आवृत्ती १९८९ मध्ये खुलं मानक म्हणून प्रसिद्ध झाली, तिसरी १९९५ मध्ये आणि चौथी २०००च्या दशकात. आज लिनक्स, फ्रीबीएसडी आणि इतर अनेक ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, एनएफएसचा कोड असतो. तिथे चूक झाली तर एखादं ॲप बंद पडून भागत नाही. अख्खं मशीन अडकतं, किंवा त्याहून वाईट म्हणजे काहीच न अडकता फाइलमध्ये चुकीची माहिती लिहिली जाते.

तूरडाळीच्या पोत्यांचा हिशेब

चूक नेमकी कशी होते? जळगावात डाळ मिल पुष्कळ आहेत, तेव्हा उदाहरण तिथलंच घेऊ. समजा, एका मिलच्या गोदामात ५०० पोती तूरडाळ आहे आणि हा आकडा सर्व्हरवरच्या एका फाइलमध्ये लिहिलेला आहे. विक्रीच्या टेबलावरचा माणूस आकडा वाचतो: ५००. त्याने ४० पोती विकली, म्हणजे त्याला ४६० लिहायचे आहेत. तेवढ्यात आवक बघणारा माणूस तोच आकडा वाचतो. अजून ५००च. त्याच्याकडे ६० पोती आली, म्हणून तो ५६० लिहितो. मग पहिला ४६० लिहितो. गोदामात पोती ५२०, फाइलमध्ये ४६०. दोघांनीही चूक केलेली नाही. कुठेही एरर आली नाही.

याला 'रेस कंडिशन' म्हणतात. कोण आधी पोहोचला यावर उत्तर ठरतं, म्हणून ही शर्यत. दोघांच्या कामात एका सेकंदाचं अंतर असतं, तर काहीच बिघडलं नसतं.

इथे दोन प्रकारची कुलपं वेगळी ओळखायला हवीत. एक कुलूप वापरकर्त्याचा प्रोग्रॅम स्वतः मागतो: 'मी ही फाइल बदलतोय, तोवर कुणी हात लावू नका.' मिलच्या सॉफ्टवेअरने असं कुलूप मागितलं असतं तर वरचा घोळ टळला असता. दुसरी कुलपं बाहेर कुणाला दिसत नाहीत. कोणती फाइल कुणी उघडली आहे, कुणाला कोणतं कुलूप दिलं आहे, एखादी नोंद किती जण वापरत आहेत, असा स्वतःचा हिशेब सर्व्हरही ठेवतो. तो हिशेब सर्व्हरच्या आतले अनेक थ्रेड एकाच वेळी बदलत असतात. लिनक्सचा एनएफएस सर्व्हर पूर्वापार ८ थ्रेड घेऊन सुरू व्हायचा, मोठ्या ठिकाणी ते शेकड्यांनी वाढवतात. पोत्यांचा घोळ या आतल्या हिशेबात झाला तर काय होईल? 'ही नोंद तिघे वापरतायत' ऐवजी 'दोघे' असा आकडा राहिला, की दोघे निघून गेल्यावर सर्व्हर ती नोंद पुसून टाकतो. तिसरा मात्र अजून तिथेच हात घालून बसलेला असतो. तिथून पुढे काहीही होऊ शकतं. हा लेख या दुसऱ्या, न दिसणाऱ्या कुलपांबद्दल आहे.

एक मोठं कुलूप सोपं असतं. मग ते बदलतात कशाला?

लिनक्समध्ये १९९६च्या २.० आवृत्तीपासून एकापेक्षा जास्त प्रोसेसर वापरता येऊ लागले. तेव्हा सुरक्षिततेचा सोपा उपाय केला गेला: अख्ख्या कर्नलला एकच कुलूप. त्याचं नाव 'बिग कर्नल लॉक'. प्रोसेसर कितीही असोत, कर्नलच्या आत एका वेळी एकच जाणार. पुढे एकेक भागाला त्याचं त्याचं लहान कुलूप मिळत गेलं आणि मोठ्याची गरज कमी होत गेली. तरी ते पूर्णपणे काढून टाकायला मे २०११ मधली २.६.३९ ही आवृत्ती उजाडावी लागली. म्हणजे पंधरा वर्षं. शेवटपर्यंत ज्या कोपऱ्यांत ते टिकून राहिलं, त्यांत फाइलची कुलपं सांभाळणारा कोड होता आणि एनएफएसचा काही भाग त्यावरच अवलंबून होता.

त्यानंतरही एनएफएस सर्व्हरमध्ये एक मोठं कुलूप उरलं होतंच. चौथ्या आवृत्तीच्या सर्व्हरमध्ये फाइल उघडणं, बंद करणं, तिला कुलूप लावणं या सगळ्या कामांसाठी मिळून एकच लॉक होता. त्याचं नाव 'क्लायंट म्युटेक्स'. एका क्लायंटने मागितलेली फाइल उघडायला डिस्कने वेळ घेतला, तर दुसऱ्याच फाइलची वाट बघणारे बाकीचे क्लायंटही रांगेत उभे. जळगाव-उधना मार्गावर दुहेरीकरणाआधी हाच अनुभव असायचा: समोरची गाडी निघून जाईपर्यंत आपली गाडी अमळनेर किंवा दोंडाईचाला थांबलेली. त्या मार्गाचं दुहेरीकरण आणि विद्युतीकरण पूर्ण झाल्यावर फेब्रुवारी २०१९ मध्ये धुळ्यातल्या कार्यक्रमात ते राष्ट्राला अर्पण करण्यात आलं.

क्लायंट म्युटेक्स निघाला तो ऑक्टोबर २०१४ मध्ये आलेल्या लिनक्स ३.१७ मध्ये. हे काम प्रामुख्याने जेफ लेटन आणि ट्रॉन्ड मिक्लेबस्ट यांचं. बदल एका झटक्यात केला नाही. शंभराच्या आसपास लहान लहान पॅच केले, प्रत्येक पॅचमध्ये एखाद्या नोंदीला स्वतःचं लहान कुलूप किंवा वापरकर्त्यांची मोजणी दिली आणि शेवटी मोठं कुलूप उचललं. इतके तुकडे करण्यामागे कारण आहे. काही बिघडलं तर कोणत्या तुकड्याने बिघडवलं, हे शोधता आलं पाहिजे.

तरीही सगळं एका फटक्यात साधलं नाही. त्यानंतर तीन वर्षांनी, २०१७च्या अखेरीस, याच भागात 'ओपन' आणि 'क्लोज' या दोन मागण्यांमधल्या शर्यतीच्या दुरुस्त्या कराव्या लागल्या. एकाच क्लायंटकडून एकाच फाइलसाठी 'बंद कर' आणि 'पुन्हा उघड' अशा दोन मागण्या जवळजवळ एकत्र येतात. एक थ्रेड जुनी नोंद मोडीत काढत असतो. नेमकी तीच नोंद दुसरा थ्रेड उचलतो आणि क्लायंटला सांगतो, 'घे, फाइल उघडली.' क्लायंटच्या हाती येते ती मेलेली नोंद. मोठं कुलूप असताना हे दोन थ्रेड एकमेकांच्या इतके जवळ कधी आलेच नसते.

नेटवर्कमुळे गुंता वाढतो तो कुठे?

एकाच मशीनवरच्या फाइल सिस्टिममध्ये मागणी केली की उत्तर मिळतं, किंवा मशीन बंद पडतं. मधली अवस्था नाही. नेटवर्कवर मधल्या अवस्थाच जास्त.

एक उदाहरण पुरेसं आहे. क्लायंटने सर्व्हरला सांगितलं, 'ही फाइल पुसून टाक.' सर्व्हरने पुसली, पण उत्तर वाटेत हरवलं. क्लायंटने थोडा वेळ वाट बघून तीच मागणी पुन्हा पाठवली. सर्व्हर म्हणतो, 'अशी फाइलच नाही.' काम झालेलं असूनही क्लायंटला अपयश दिसलं. यावर उपाय म्हणून सर्व्हर अलीकडे दिलेल्या उत्तरांची एक वही ठेवतो आणि तीच मागणी पुन्हा आली तर जुनंच उत्तर परत देतो. पण ही वही सगळ्या थ्रेडची सामायिक असते. म्हणजे तिलाही कुलूप हवं, आणि तेही कधीतरी कुणीतरी बदलणार.

शिवाय क्लायंट स्वतःजवळही प्रत ठेवतो. लिनक्सचा क्लायंट फाइलचा आकार, तारीख वगैरे माहिती नेहमीच्या सेटिंगमध्ये ३ ते ६० सेकंद जुनी चालवून घेतो. दोन मशीनवर काही काळ वेगवेगळं चित्र दिसणं, हे एनएफएसच्या नियमांत बसतं. चाचणी करणाऱ्याची खरी डोकेदुखी ही आहे. समोर दिसतोय तो बग आहे की नियमाने चालणारा उशीर, हे आधी ठरवावं लागतं. नवखे लोक इथे हमखास फसतात.

तीन हजार वेळा चालवा

आता मूळ प्रश्न. कुलपं बदलली. तपासायचं कसं?

सर्वांत साधा मार्ग म्हणजे पुन्हा पुन्हा चालवणं. पण किती वेळा? समजा, एक शर्यत हजार वेळात सरासरी एकदा घडते. चाचणी हजार वेळा चालवली, तर ती एकदा तरी दिसेल असं वाटतं. प्रत्यक्षात ती एकदाही न दिसण्याची शक्यता सुमारे ३७ टक्के असते. चुकवण्याची शक्यता ५ टक्क्यांवर आणायची तर साधारण तीन हजार वेळा चालवावं लागतं. एका फेरीला दहा सेकंद धरले, तर सव्वाआठ तास. रात्री लावून सकाळी बघायचं.

आणि हजारात एक ही तर मवाळ चूक झाली. दहा लाखांत एकदा घडणारी चूक प्रयोगशाळेत कदाचित कधीच दिसणार नाही. पण ज्या सर्व्हरवर सेकंदाला दहा हजार मागण्या येतात, तिथे ती दर शंभर सेकंदांनी घडेल.

अशा चुका किती लपून बसू शकतात, याचं एक गाजलेलं उदाहरण आहे. १४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिकेच्या ईशान्य भागात आणि कॅनडात वीज गेली, सुमारे ५ कोटी लोक अंधारात गेले. ओहायोतल्या वीज कंपनीच्या नियंत्रण कक्षातली धोक्याची सूचना देणारी यंत्रणा त्या दुपारी मुकाट बंद पडली होती. कारण निघालं एक रेस कंडिशन. ते सॉफ्टवेअर तोवर वेगवेगळ्या ठिकाणी मिळून सुमारे ३० लाख तास चाललं होतं आणि ही चूक एकदाही दिसली नव्हती. ती सापडली कशी, हे जास्त महत्त्वाचं. अभियंत्यांनी प्रोग्रॅममध्ये मुद्दाम उशीर घातला आणि मग त्यावर सूचनांचा भडिमार केला. एरवी क्षणभर उघडं राहणारं दार त्यांनी जास्त वेळ उघडं ठेवलं.

लॉक तपासण्याच्या बहुतेक चांगल्या युक्त्या या एकाच विचारातून निघाल्या आहेत. क्वचित घडणारी वेळ जुळून यायची वाट बघायची नाही, ती जुळवून आणायची.

लिनक्समध्ये २०२० सालच्या ५.८ या आवृत्तीत आलेलं 'केसीसॅन' हे साधन नेमकं हेच करतं. कर्नल चालू असताना ते मधूनच मेमरीतली एखादी जागा निवडतं, तिथे पहारा बसवतं आणि ती जागा वापरणाऱ्या थ्रेडला क्षणभर थांबवून ठेवतं. नेहमीच्या सेटिंगमध्ये हा क्षण ८० मायक्रोसेकंदांचा असतो. तेवढ्यात दुसरा कुणी कुलूप न लावता त्याच जागेला हात लावायला आला, की दोघांचीही नावं पत्त्यासकट छापून टाकतं.

दोन किल्ल्या, दोन माणसं

शर्यतीचा उलटा आजार म्हणजे डेडलॉक. कपाटाची किल्ली आणि शिक्क्याची किल्ली, कामाला दोन्ही लागतात. एकाने कपाटाची घेतली आणि तो शिक्क्याच्या किल्लीची वाट बघतोय. दुसऱ्याने शिक्क्याची घेतली आणि तो कपाटाच्या किल्लीची. दोघेही बसून राहतात, कायमचे. एक मोठं कुलूप असताना हे होऊच शकत नाही, कारण किल्ली एकच. कुलपं वाढली की त्यांचा क्रमही ठरवावा लागतो: आधी कपाट, मग शिक्का. हा क्रम हजारो ओळींच्या कोडमध्ये एका ठिकाणी जरी उलटा झाला, तरी सापळा तयार.

यासाठी लिनक्सकडे 'लॉकडेप' आहे. इंगो मोल्नार यांनी लिहिलेलं हे साधन २००६ मध्ये २.६.१८ या आवृत्तीत आलं. त्याची खुबी अशी, की डेडलॉक प्रत्यक्ष घडण्याची त्याला गरज नसते. सोमवारी कुणीतरी कपाट-शिक्का असा क्रम वापरला आणि मंगळवारी दुसऱ्याच कुणीतरी शिक्का-कपाट असा, तर दोघे कधीही समोरासमोर आले नसले तरी लॉकडेप इशारा देतं. फ्रीबीएसडीमध्ये हेच काम 'विटनेस' नावाचं साधन करतं. साक्षीदार. नाव अगदी चपखल आहे.

पण साक्षीदाराने जे पाहिलं तेवढंच तो सांगणार. कोडचा जो रस्ता चाचणीत एकदाही चालला नाही, त्याबद्दल लॉकडेप गप्प असतं. आणखी एक व्यवहारातली गोष्ट: पहिला इशारा दिला की लॉकडेप स्वतःला बंद करून घेतं. त्यामुळे सकाळी मशीन सुरू होतानाच दुसऱ्याच कुठल्या ड्रायव्हरवरून इशारा आलेला असेल, तर पुढची रात्रभराची एनएफएसची चाचणी आंधळीच झाली. हे लक्षात न आल्याने वाया गेलेल्या रात्री मोजायला नकोत.

म्हणून सगळे रस्ते चालवणाऱ्या चाचण्या लागतात. एनएफएससाठी 'कनेक्टाथॉन' या नावाचा जुना चाचणीसंच आहे, वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं एकमेकांशी नीट बोलतात का, हे तपासणाऱ्या मेळाव्यांतून आलेला. त्यात कुलपांचा स्वतंत्र भाग आहे. मिशिगन विद्यापीठात तयार झालेला 'पायएनएफएस' खोटा क्लायंट बनून सर्व्हरला आडवेतिडवे प्रश्न विचारतो. 'एफएसएक्स' हा छोटासा प्रोग्रॅम एकाच फाइलवर अंदाधुंद वाचणं, लिहिणं, कापणं, वाढवणं करत राहतो आणि दर वेळी स्वतःच्या वहीशी ताळा बघतो. तो मूळचा नेक्स्ट कंपनीत लिहिला गेला. २००१ मध्ये तो फ्रीबीएसडीच्या एनएफएसवर चालवला गेला, तेव्हा वर्षानुवर्षं वापरात असलेल्या कोडमधल्या चुका बाहेर पडल्या. क्लिष्ट असं त्यात काही नाही. तो थकत नाही, एवढंच.

वीज घालवून बघा

नेटवर्क फाइल सिस्टिमच्या चाचणीत नेटवर्कही खराब करावं लागतं. लिनक्समध्ये 'टीसी' नावाची आज्ञा आहे. तिच्यातल्या 'नेटेम' या सोयीने शंभरातली दोन पाकिटं टाकून द्या, उरलेली अर्धा सेकंद उशिरा पाठवा, त्यांचा क्रम बदला, असं सांगता येतं. मग वर सांगितलेली जुन्या उत्तरांची वही खऱ्या अर्थाने कामाला लागते.

त्यापुढची पायरी म्हणजे चाचणी चालू असताना सर्व्हरची वीज घालवणं. खान्देशात यासाठी वेगळे कष्ट घ्यावे लागत नाहीत, असं कुणी म्हणेल. पण चाचणीत ती हव्या त्या क्षणी आणि पुन्हा पुन्हा जावी लागते. एनएफएसच्या चौथ्या आवृत्तीचा सर्व्हर परत सुरू झाला की, लिनक्सच्या नेहमीच्या सेटिंगमध्ये, ९० सेकंद नवी कुलपं देत नाही. ज्यांच्याकडे आधी कुलपं होती त्यांनी या वेळात ती परत मागायची. या दीड मिनिटात जुन्यांची झुंबड आणि नव्यांची धडपड एकत्र येते. लॉकच्या कोडमध्ये चूक असेल तर ती इथे सापडायची शक्यता मोठी. नुसत्या सुरळीत नेटवर्कवर घेतलेली चाचणी हा भाग कधी बघतच नाही.

एक विचित्र अडचण सगळ्यांनाच येते. चूक शोधण्यासाठी कोडमध्ये एखादी नोंद छापणारी ओळ घातली, की चूक दिसेनाशी होते. छापायला लागणारा वेळ शर्यतीची वेळ बदलतो. लॉकडेप किंवा केसीसॅन चालू केल्यावरही कर्नल संथ होतो आणि काही शर्यती घडायच्या थांबतात. म्हणून तीच चाचणी दोनदा करावी लागते. एकदा सगळी साधनं लावून, एकदा सगळी काढून.

चूक सापडली तर ती शंभरातल्या कोणत्या पॅचने आणली, हे शोधायला यादी अर्धी अर्धी करत जातात. शंभर पॅचसाठी सात फेऱ्या पुरतात, कारण सात वेळा दुप्पट केलं की १२८ होतात. कागदावर सुंदर. पण चूक क्वचित दिसणारी असेल तर 'हा पॅच चांगला' असं म्हणण्याआधी प्रत्येक फेरीत ते सव्वाआठ तास द्यावे लागतात. घाई करून एका पॅचला चुकून चांगलं ठरवलं, की पुढचा सगळा शोध भलत्याच दिशेने जातो.

जळगाव-धुळ्यात बसून हे करता येईल?

जळगावचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय असो, बांभोरीचं एसएसबीटी असो की शिरपूरचं आर. सी. पटेल इन्स्टिट्यूट, संगणक शाखेच्या विद्यार्थ्याला ऑपरेटिंग सिस्टिम हा विषय असतोच. सेमाफोर, जेवायला बसलेले पाच तत्त्ववेत्ते, वाचक आणि लेखक हे नेहमीचे प्रयोगही असतात. ते बहुतेक एकाच प्रोग्रॅमच्या आत, दोन-चार थ्रेड घेऊन होतात. तिथून खऱ्या कर्नलपर्यंतचं अंतर वाटतं तेवढं मोठं नाही, कारण लिनक्सचा सगळा कोड आणि वर सांगितलेली साधनं फुकट मिळतात. नोकरीसाठी इथली मुलं जातात त्या पुण्यात रेड हॅटसारख्या कंपन्यांची कार्यालयं आहेत आणि अशा कामाचा अनुभव तिथे ओळखला जातो.

लागतं काय? बऱ्यापैकी मेमरी असलेला एक संगणक आणि त्यावर दोन आभासी मशीन: एक सर्व्हर, एक क्लायंट. दोघांनाही किमान चार प्रोसेसर द्यायचे. एकच दिला तर थ्रेड खऱ्या अर्थाने एकत्र धावतच नाहीत आणि निम्म्या शर्यती घडत नाहीत. कर्नल बनवताना लॉकडेपचा पर्याय चालू करायचा, सर्व्हरवरची एक डिरेक्टरी क्लायंटवर जोडायची आणि एफएसएक्स रात्रभर सोडून द्यायचा. ज्या माहितीची दुसरी प्रत नाही, ती या मशीनवर ठेवायची नाही. पहिल्या आठवड्यात बहुधा स्वतःच्या सेटिंगमधल्या चुकाच सापडतील. तोही शिकण्याचाच भाग.

चाचणी करणारा कोड लिहिणाऱ्यापेक्षा वेगळा असला तर बरं, हा अनुभव जुना आहे. नव्या रेल्वेमार्गावर प्रवासी गाडी सोडण्याआधी रेल्वे सुरक्षा आयुक्त तो तपासतात, आणि त्यांचं कार्यालय रेल्वे मंत्रालयाखाली नाही, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली येतं. लिनक्समध्ये असं सरकारी पद नाही. तिथे कुणीही पॅच घेऊन आपल्या मशीनवर चालवू शकतो आणि निकाल कळवू शकतो. कळवताना कर्नलची नेमकी आवृत्ती, किती प्रोसेसर, एनएफएसची कोणती आवृत्ती, कोणती चाचणी, किती तास आणि लॉकडेप शेवटपर्यंत चालू होतं का, एवढं लिहावं लागतं. 'माझ्याकडे चाललं' या एका ओळीचा कुणाला उपयोग नसतो. नीट केलेली चाचणी असेल तर पॅच स्वीकारला जाताना त्याच्या तळाशी, लिहिणाऱ्याच्या नावाबरोबर, 'टेस्टेड-बाय' अशी ओळ येते आणि तिच्यापुढे तपासणाऱ्याचं नाव कर्नलच्या इतिहासात कायमचं नोंदलं जातं.